धुराने डेंग्यूची साथ थांबत नाही

कोल्हापुरात डेंग्यूचा रुग्ण आढळला की गल्लीत धूर फवारला म्हणजे काम झाले, असा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे. धुराने त्या वेळी उडत असलेले डासच मरतात. पाण्यातील अळ्यांना आणि कोरड्या पिंपाच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरणाऱ्या अंड्यांना त्याची झळ लागत नाही, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यू पसरवणारा हा एडिस जातीचा डास प्रामुख्याने गटारात नव्हे, तर पिंप, टायर, कुंडीखालची ताटली यांतील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणूनच तपासलेल्या दर 100 घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा सर्वेक्षणातील आकडा मला रुग्णसंख्येइतकाच मोलाचा वाटतो. अळ्या तपासायला आलेल्या कर्मचाऱ्याला दारातूनच परत पाठवून धुराच्या गाडीची मागणी करणे घातक आहे. पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा घासून कोरडी करावीत.