एंजिन ऑइलची ग्रेड, डीझेल मोटारीतील

डीझेल एंजिनातील वंगणतेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, दाखवणारा संकेतांक. डब्यावर तो ‘५डब्ल्यू-३०’, ‘१५डब्ल्यू-४०’ असा छापलेला असतो. गॅरेजात ‘पातळ ऑइल’, ‘जाड ऑइल’ एवढ्यावरच काम भागते. इंग्रजीत या गुणाला ‘वेट’ म्हणण्याची जुनी रूढी आहे. वजनाशी मात्र तिचा संबंध नाही. वरील दोन्ही तेलांचा एकेक लिटर काट्यावर ठेवला, तर फरक जेमतेमच भरतो.

या रूढीमुळेच ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘वेट’ हा समज पसरला असावा. दुसरे मत ते अक्षर ‘विंटर’चे, म्हणजे हिवाळ्याचे, आद्याक्षर मानते आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. ‘डब्ल्यू’ जर वजनाचे असते तर ते दोन्ही अंकांना लागले असते. प्रत्यक्षात थंडीत तपासलेल्या अंकापुढेच ते येते आणि नुसत्या ‘४०’ ग्रेडच्या तेलावर ते नसतेच. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स (एसएई) या संस्थेने श्यानतेनुसार तेलांचे पहिले वर्गीकरण साधारणपणे १९११ मध्ये केले, असे मानतात. हिवाळी ग्रेड त्यानंतर दोनएक दशकांनी, बहुधा १९३३ च्या सुमारास आल्या. तीस, चाळीस हे आकडे मुळात कशावरून आले याविषयी एकवाक्यता नाही. काही जण त्यांचा संबंध सेबोल्ट श्यानतामापीतून ठरावीक तेल गळून जाण्यास लागणाऱ्या सेकंदांशी जोडतात. आज ते कोणत्याही एककातील माप नव्हेत, केवळ श्रेणीची नावे आहेत.

सध्याच्या ‘एसएई जे३००’ मानकानुसार ५डब्ल्यू तेलाची श्यानता उणे ३०° से. ला ६,६०० सेंटिपॉइजपेक्षा (सेंटिपॉइज हे श्यानतेचे एकक) आणि १५डब्ल्यूची उणे २०° से. ला ७,००० सेंटिपॉइजपेक्षा जास्त असून चालत नाही. एवढ्या थंडीत स्टार्टरला एंजिन फिरवता यावे, हा हेतू. महाराष्ट्रात कडाक्याच्या थंडीसाठी निफाडचे नाव घेतले जाते, पण तेथेही १५डब्ल्यूवर तशी वेळ येत नाही. लेह-द्रासची गोष्ट निराळी. तरीही पहाटे पहिल्या स्टार्टला पातळ तेल टर्बोच्या धारव्यांपर्यंत (बेअरिंगांपर्यंत) लवकर पोहोचते, हा मुद्दा उरतोच.

दुसरा अंक तापलेल्या तेलाचा. १००° से. ला ‘३०’ ग्रेडची श्यानता ९.३ ते १२.५ आणि ‘४०’ची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (श्यानतेचे दुसरे एकक) या मर्यादेत असावी लागते. विदर्भातील उन्हाळ्यासाठी जाड तेल हवे, हे मत मेकॅनिकांत दृढ आहे. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट राखत असल्याने बाहेरच्या ४५ अंशांचा परिणाम समजतात त्याहून कमी होतो. मात्र घाटात ओझे ओढणाऱ्या गाडीबाबत हे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) धारव्यांतील खरी कसोटी १५०° से. ला, जोराच्या घर्षणाखाली घेतात. तेथे ३० ग्रेडला किमान २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७ सेंटिपॉइज श्यानता लागते.

एकच ग्रेड छापलेले दोन डबे सारखे नसतात ते येथेच. ‘एसीईए’ या युरोपीय मोटार-उत्पादकांच्या संघटनेच्या वर्गीकरणातील ‘सी२’ तेलाला वरील कसोटीत २.९ पुरतात, ‘सी३’ला ३.५ लागतात, दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० असू शकते. या दोहोंत सल्फेटयुक्त राखेचे, म्हणजे तेल जळल्यावर मागे उरणाऱ्या राखेचे, प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि डीझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास आली. गाळणीत साठलेली काजळी जाळता येते; तेलातून आलेली राख जळत नाही, साचत जाते. अशा मोटारीत ट्रकसाठीचे जास्त राखेचे १५डब्ल्यू-४० ओतणे महागात पडू शकते. म्हणून मॅन्युअलमधील ग्रेडइतकेच तिच्या शेजारचे ‘सी२’, ‘सी३’ हे अक्षर पाहावे. प्रस्तुत नोंदीत त्यालाच अधिक महत्त्व दिले आहे.

काजळी जाळण्यासाठी बऱ्याच एंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डीझेल सोडतात. त्यातले थोडे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) कड्यांवरून खाली उतरून तेलात मिसळते. गाडी केवळ शहरात थोड्या थोड्या अंतरावर चालत असेल, तर जाळण्याचे काम अर्धवट राहून हे मिश्रण वाढते. डिपस्टिक ओढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी : पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली आणि चिमटीतल्या थेंबाला डीझेलचा वास, ही त्याची लक्षणे. अशा वेळी ४० ग्रेडचे तेलही प्रत्यक्षात ३० सारखे वागू लागते. याउलट साठत जाणारी काजळी तेल दाट करते. नव्या तेलाचा रंग थोड्याच दिवसांत काळा होणे हा मात्र डीझेल एंजिनात दोष नव्हे.

झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या जुन्या एंजिनात एक ग्रेड जाड तेल घालण्याची प्रथा आहे. त्याने तेलाची घट आणि आवाज काहीसा कमी होतो, झीज भरून येत नाही.