जुनी डिझेल पिकअप नावावर करून घेताना: गोव्यातली प्रक्रिया, अटी आणि कागद

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो, मग बॉनेट उघडायला लावतो, आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, हातात घेतो ती थेट पैसे मोजताना. हा क्रम उलटा करा. इंजिन बिघडलं तर ते करून देणारा मेकॅनिक गावात सापडतो. कागद अडकलेली गाडी मात्र कितीही चांगली पळत असली तरी दारातच उभी राहते, आणि तिचे हप्ते चालू असतात.

पाटी पांढरी की पिवळी

पहिला प्रश्न हाच. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा, अशोक लेलँड दोस्त, 'छोटा हत्ती' या गाड्या साधारणपणे मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात: पिवळी पाटी, काळी अक्षरं. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या डबल कॅब गाड्या बहुतेक खासगी नोंदणीत, पांढऱ्या पाटीवर मिळतात. दोन्हींना मागे हौदा असतो, पण कायद्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. ती संपली की तपासणी करून फॉर्म 25 भरायचा आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं. मालवाहू गाडीचा जीव फिटनेसवर, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो त्यावर असतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. मोटार वाहन कायद्याचं कलम 56 सांगतं की फिटनेस प्रमाणपत्र नसलेली मालवाहू गाडी वैध नोंदणी असलेली मानलीच जात नाही. त्यामुळे 'पासिंग तेवढं राहिलंय, बाकी गाडी ओके' असं कुणी म्हणालं तर पासिंगचा सगळा खर्च किमतीतून वजा करा. त्याहून बरं म्हणजे त्यालाच पासिंग करून द्यायला सांगा.

'पिवळीची पांढरी करून घेऊ' हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. बागायतीत दोन-चार पोती आणायची आहेत, मग धंद्याची पाटी कशाला? पण त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, कराचं गणित बदलतं, आणि गाडीला मुळात कुठल्या प्रकारात मंजुरी मिळाली आहे हेही पाहिलं जातं. वाहतूक खात्यात जाऊन त्या विशिष्ट मॉडेलबद्दल आधी विचारा. होईल अशा आशेवर टोकन देऊ नका.

पात्रता: घेणाऱ्याची आणि चालवणाऱ्याची

गाडी नावावर करायला अठरा वर्षं पूर्ण असलेली कुणीही व्यक्ती चालते. भागीदारी पेढी, सहकारी सोसायटी, कंपनी यांच्या नावावरही होते. तिथे सही कोण करणार याचा ठराव किंवा अधिकारपत्र जोडावं लागतं. गाडी नावावर करण्यासाठी लायसन्सची अट नाही. चालवायला अर्थातच लागतं. पिकअपसाठी वेगळा 'ट्रान्सपोर्ट' शेरा हवा का, हा घोळ बरीच वर्षं चालला. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला: साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. सगळ्या छोट्या पिकअप त्यात आरामात बसतात.

परमिटचा आकडा वेगळा आहे. एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, 3,000 किलोपेक्षा जास्त नसेल तर कलम 66 नुसार माल वाहायला परमिट लागत नाही. बऱ्याच पिकअप या रेषेच्या आसपासच असतात. विकणारा तोंडाने काय सांगतो त्यावर जाऊ नका, आरसीवरचं एकूण वजन वाचा. वजन रेषेच्या वर असेल तर जुन्या मालकाचं परमिट गाडीबरोबर आपोआप तुमचं होत नाही. ते तुमच्या नावावर होण्यासाठी परवाना प्राधिकरणाची मंजुरी लागते, नाहीतर त्याने ते जमा करायचं आणि तुम्ही नवीन काढायचं.

टोकन देण्याआधी

समजा डिचोलीतली एक पिकअप आहे, जीए-04 ची, 2016 ची नोंदणी. आरसीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा आणि घरी निवांत वाचा. वर्ष 2016, म्हणजे आठ वर्षं उलटली, पासिंग दरवर्षीचं झालं. इंधनाच्या जागी डिझेल, धुराच्या प्रदूषणाचं मानक भारत स्टेज 4. खाली कर्जाच्या रकान्यात एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव दिसतं. मालक म्हणतो, कर्ज कधीच फेडलं. खरंही असेल, पण ते नाव आरसीवर आहे तोवर गाडी तुमच्या नावावर होत नाही. एका कागदावरून एवढं कळतं, आणि अजून तुम्ही गाडीपाशी गेलेलाही नाही.

मग नंबर परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अॅपवर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी आणि कर कुठवर आहेत ते बघा. ई-चलनाची साइट वेगळी आहे, तिथेही नंबर टाका. थकलेली चलनं व्यवहाराच्या वेळी आडवी येतात. परराज्यातली गाडी असेल तर चोरीची नोंद आहे का हेही तपासायचं. त्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही ऑनलाइन सोय आहे.

भारत स्टेज 4 आणि 6 ची सीमारेषा 1 एप्रिल 2020. त्याच्या आगेमागे नोंदलेल्या गाडीचा उत्पादनाचा महिना आणि मानक जुळतं का ते नीट पाहा. जुन्या मानकाच्या गाड्या खोट्या कागदांवर पुढे नोंदवल्याचे प्रकार देशात उघड झालेले आहेत.

गाडीकडे बघताना

आता गाडीकडे चला. गोव्यात पिकअपचा मोठा शत्रू गंज आहे, आणि त्यात नुस्त्याची गाडी सगळ्यात वाईट. मालिम, कुटबण किंवा वास्कोहून मासळी वाहिलेल्या पिकअपमध्ये बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपतं. वरून नवा रंग असतो, हौद्यात काळा रबरी मॅट अंथरलेला असतो. तो मॅट उचला. पत्र्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दाबा. मग खाली वाका आणि हौदा चेसिसला जिथे बोल्टने धरलेला असतो ती जागा बघा, तिथले आडवे बार बघा. बोल्टाभोवती गंजाचे पापुद्रे सुटत असतील, ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, तर किंमत पाडून मागण्यात अर्थ नाही. ती गाडी सोडा. चेसिसवर ताजा काळा रंग फासलेला दिसला तर मी त्याला देखभाल मानत नाही, पुरावा झाकणं मानतो.

चिरे वाहिलेली गाडी वेगळी ओळखू येते. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) चपटे झालेले किंवा त्यात एक जास्तीचं पातं घातलेलं, हौद्याच्या फळ्या वाढवलेल्या. वाढवलेल्या फळ्या पासिंगला अडवतात, कारण मंजूर बांधणीत परस्पर बदल करता येत नाही. आणि वजनापेक्षा जास्त माल भरला तर कलम 194 नुसार 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. चोर्ल्याच्या घाटातून बेळगावची भाजी आणणारी गाडी असेल तर क्लच आणि ब्रेक जास्त बारकाईने तपासा.

इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलंय का, हे बॉनेटवर हात ठेवला की कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत जात असल्याचा संशय घ्या. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून भपकारे येत असतील तर इंजिनकाम जवळ आलं. भारत स्टेज 6 च्या गाडीत धुराची फिल्टर असते. गावातल्या गावात फिरलेल्या गाडीत ती चोंदते आणि तिचा खर्च लहान नसतो. डॅशबोर्डवरचे दिवे इग्निशन दिल्यावर पेटून मग विझतात का ते बघा. काही जण बल्बच काढून ठेवतात.

नावावर करण्याचा अर्ज

आता मुख्य काम. विकणाऱ्याने फॉर्म 29 भरायचा, दोन प्रतींत; ही गाडी विकल्याची सूचना. फॉर्म 30 हा हस्तांतराचा अर्ज, त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, आणि घेणाऱ्याला अर्जासाठी 30 दिवस. अर्ज परिवहन पोर्टलवर 'वाहन' सेवेत भरतात. ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर जातो, आणि इथेच पुष्कळ अर्ज अडतात, कारण आरसीला जोडलेला नंबर मालकाने कधीच बंद केलेला असतो. तो आधी बदलून घ्यायला लावा.

अर्जाबरोबर मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालवाहू असल्यास फिटनेस आणि कर भरल्याची पावती. घेणाऱ्याचा राहण्याचा पुरावा, म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र यांपैकी काही, पॅन, आणि ते नसेल तर फॉर्म 60, फोटो. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट बरेचदा मागतात. तो कागदावर घासून घेताना आकडे आरसीशी जुळवून बघा, हा फुकटात मिळणारा तपास आहे. हस्तांतराचं मूळ शुल्क केंद्रीय नियमांनुसार त्या प्रकारच्या गाडीच्या नोंदणी शुल्काच्या निम्मं असतं. त्यावर कार्ड आणि इतर आकार धरून एकूण रक्कम पोर्टलच दाखवतं.

बँकेचा बोजा उतरवायचा असेल तर फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र. त्या पत्रावर मुदत लिहिलेली असते, ती बघा. तुम्ही स्वतः कर्ज काढून घेत असाल तर तुमच्या बँकेचं नाव चढवायला फॉर्म 34.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत आपल्याकडे अजून चालू आहे. यात मरतो तो आरसीवर नाव असलेला माणूस. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवरचा मालकच जबाबदार. म्हणून गाडी सोपवताना साधी डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या, आधारच्या झेरॉक्स. विक्रेता डीलर असेल तर त्याच्याकडे आरटीओची अधिकृतता आहे का विचारा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी तसा नियम आहे, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म 29सी मध्ये कळवायचं असतं.

परराज्यातली गाडी, वारसाची गाडी

एमएच-07 किंवा केए-22 ची गाडी स्वस्त दिसते. पण मूळ आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी (ना-हरकत पत्र), इथे तपासणी, फॉर्म 27 वर नवा जीए नंबर आणि गोव्याचा रोड टॅक्स हे सगळं किमतीत मिळवा. तिथे आधी भरलेल्या कराचा परतावा त्या राज्याकडे मागावा लागतो, आणि त्याला धीर लागतो. परराज्याच्या पाटीवर गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवता येत नाही. दिल्लीची डिझेल गाडी कोणी भलत्या कमी भावात देत असेल तर कारण साधं आहे: 2015 च्या हरित लवादाच्या आदेशामुळे तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली आणि त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. एनओसी मात्र गोव्याच्या नावाने आहे का ते वाचा.

मालक वारला असेल तर त्याच्या मुलाची सही पुरत नाही. आधी फॉर्म 31 वर गाडी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. मृत्यूचा दाखला, वारस कोण याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. गोव्यात हा पुरावा बहुधा स्पेशल नोटरीपुढे केलेल्या वारसा दस्ताचा असतो. तो घरात आधीच झालेला असेल तर काम लवकर होतं. झालेला नसेल आणि भावंडं परदेशात असतील, तर दुसरी गाडी बघा.

नावावर झाल्यावर

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण कलम 157 नुसार हस्तांतरानंतर 14 दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचाच राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता थोडा वाढलेला दिसेल. काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. तो त्याने बंद करायचा आणि तुम्ही नवा घ्यायचा, नाहीतर तुमच्या टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जातील आणि फोन तुम्हाला येईल. आणि विकणाऱ्यासाठी एक: महिन्याभराने एम-परिवहनवर तुमचा जुना नंबर टाकून मालकाच्या नावाची आद्याक्षरं बदलली का ते बघा. बदलली नसतील तर फॉर्म 29 ची पोच घेऊन थेट वाहतूक खात्याच्या खिडकीवर जा.