बदामाचं पान लाल होऊन का पडतं?

जानेवारीत मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो: कंपाउंडमधला देशी बदाम लालभडक झालाय आणि खाली प्रश्न, 'झाडाला कीड लागलीय का?' कोणीतरी उत्तर देतं, 'थंडी पडली ना!' दोन्ही चूक. सांताक्रूझला जानेवारीत किमान तापमान सरासरी 16-17 अंश असतं. एवढ्या गारव्याने पान मरत नाही. खरी अडचण पाण्याची. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, हवा कोरडी, आणि बदामाचं वीतभर पान सतत बाष्प सोडत असतं. अशा दिवसांत ते राखणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं.

पण झाड पान तसंच फेकत नाही, आधी ते रिकामं करतं. पानातलं बरंचसं नत्र हरितकणांतल्या प्रथिनांत असतं आणि ते परत हवं असतं. गोची अशी की प्रथिनं मोडली की त्यांना धरून असलेलं हरितद्रव्य सुटं होतं. सुट्या हरितद्रव्यावर ऊन पडलं की ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात आणि पेशी होरपळते. मग वसुली कोण करणार? म्हणून आधी हरितद्रव्याची नांगी मोडायची. त्याच्या मधला मॅग्नेशियम काढला जातो, लांब शेपटी कापली जाते, मग एक विकर (एन्झाइम) त्याचं कडं फोडतं. शेवटी उरणारी रंगहीन संयुगं पेशीतल्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, ढकलली जातात. गंमत म्हणजे हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात, ते झाड परत घेतच नाही. प्रथिनांतलं घबाड हाती लागावं म्हणून ही चिल्लर सोडलेली असते. एकूण हिशेबात पानातलं साधारण निम्मं नत्र फांदीत परत जातं.

हिरवा गेला की पिवळा दिसतो. ती पिवळी रंगद्रव्यं, कॅरोटिनॉइड्स, आधीपासून तिथेच होती. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य मात्र मरणाच्या दारातलं पान नव्याने बनवतं, तेही उजेडात. एका पानावर दुसरं पान टेकलेलं असेल तर झाकलेल्या जागी पिवळट ठसा राहतो. वसुली चालू असताना उन्हापासून आडोसा म्हणून हा रंग, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. त्यावर वादही आहे.

ही लाली अँथोसायनिनचीच का, हे पडताळून पाहायचं तर चार ताजी लाल पानं बारीक कापा, अर्धा कप उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाकून गाळा. एका वाटीत लिंबू पिळलं की लाली खुलते. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाली जाऊन पाणी हिरवट-तपकिरी होतं. नुसता चहासारखा रंग आला तर पानं वाळकी होती: अँथोसायनिन विटलं, टॅनिन हे तुरट द्रव्य उरलं. (फायटर मासा पाळणारे टॅनिनसाठीच ही पानं टाकीत टाकतात.) लोखंडी भांडं नको, टॅनिन आणि लोह मिळून शाई होते.

झाडं ऋतू पाळतात म्हणून ती भविष्यही सांगतात, असं मात्र नाही. 'बहावा फुलला की 45 दिवसांत पाऊस' हा निरोप दर एप्रिलला येतो. एकाच रस्त्यावरचे दोन बहावे काही आठवड्यांच्या अंतराने फुलतात. दिवस मोजायचे कुठल्यापासून? मुंबईत मान्सून 2023 मध्ये 25 जूनला आला, 2025 मध्ये 26 मेलाच.

आता पान गळतं कसं? देठाच्या बुडाशी लहान पेशींचा पातळ थर असतो. पानाकडून ऑक्झिन हे संप्रेरक येत असतं तोवर तो घट्ट राहतो. ऑक्झिन आटलं की इथिलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर चालतो, पेशींना चिकटवणारं पेक्टिन विकरं विरघळवतात आणि वाऱ्याची झुळूक पुरते. मागे बुचासारखा थर जखम बंद करतो. फांदीवरच्या वणात तुटलेल्या नळ्यांचे ठिपके दिसतात. हे सगळं जिवंत पेशींचं काम आहे. म्हणूनच पावसाळ्याआधी छाटून रस्त्याकडेला टाकलेल्या फांदीची पानं करपतात, चुरगळतात, पण देठाला तशीच लटकून राहतात. ओढली तर सालीचा धागा घेऊन फाटतात.