भिंग, रंग, गाळणी: सूक्ष्मजीवांचे गट कसे पडले

जिवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव ही यादी शाळेत एका दमात पाठ होते. ती जमायला मात्र तीनशे वर्षे लागली, आणि त्या त्या वेळी हाताशी कोणते साधन होते यावर गटांमधली रेघ कुठे पडायची हे ठरत गेले.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक भिंगे स्वतः घासून तयार करी. १६७४ मध्ये त्याने तळ्याच्या पाण्यात हलणारे जीव पाहिले, आणि १६८३ च्या पत्रात दातांवरच्या किटातले त्याहून कितीतरी बारीक जीव वर्णन केले. पहिल्यांना आज आपण आदिजीव म्हणू, दुसऱ्यांना जिवाणू. त्याच्या लेखी सगळेच चिमुकले प्राणी. बुरशीची गणना वनस्पतींत होई. ती स्वतःचे अन्न बनवत नाही आणि तिच्या पेशीभित्तिकेत वनस्पतींसारखे सेल्युलोज नव्हे तर कायटिन हा वेगळा पदार्थ असतो, तरी तिला स्वतंत्र सृष्टी देणारी परिसरशास्त्रज्ञ व्हिटेकरची मांडणी यायला १९६९ उजाडले.

भिंगातून जिवाणू दिसतात गोल, दांड्यासारखे किंवा पीळदार, साधारण ०.५ ते ५ मायक्रोमीटर. पण आकार सारखा म्हणजे जात सारखी नव्हे. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाच्या ऊतीत जिवाणू उठून दिसावेत म्हणून रंग वापरत होता. काही जिवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. त्याला ही पद्धतीची उणीव वाटली. पुढे तीच वर्गीकरणाचा पाया झाली.

आजची कृती अशी: पातळ लेप वाळवून आचेवरून झटकन फिरवायचा. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग १ मिनिट, पाणी, आयोडीन १ मिनिट, पाणी, मग अल्कोहोल १०-१५ सेकंद आणि लगेच पाणी, शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग ३० ते ६० सेकंद. पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) जाड भित्तिका असलेले ग्राम-पॉझिटिव्ह जांभळे राहतात, पातळ भित्तिकेचे ग्राम-निगेटिव्ह गुलाबी होतात. घोटाळा बहुतेक वेळा अल्कोहोलच्या पायरीवर होतो. ते जास्त वेळ राहिले की पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात. लेप जाड असेल तर निगेटिव्हही जांभळे राहतात. वाढ २४ तासांपेक्षा जुनी असेल तर भित्तिका खिळखिळी होते आणि पॉझिटिव्ह जिवाणू फसवतात. क्षयाचे जिवाणू मेणचट आवरणामुळे हा रंग नीट घेत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी झील-नील्सन ही रंगवण्याची वेगळी पद्धत.

त्याच १८८४ मध्ये शांबरलांची चिनीमातीची गाळणी आली. तिच्यातून जिवाणू जात नसत. पण १८९२ मध्ये इवानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस गाळला, तरी तो रस रोग लावतच होता. १८९८ मध्ये बायरिंकने ठामपणे सांगितले की हा जिवाणू नव्हे. गंमत म्हणजे तोही डेल्फ्टचाच. विषाणूची पहिली ओळख ही अशी, गाळणीतून निसटणारा म्हणून. त्याला रायबोसोम (पेशीतले प्रथिने बनवणारे कण) नाहीत, भित्तिका नाही. जिवाणूची भित्तिका बांधू न देणारे पेनिसिलिन सर्दीच्या विषाणूवर चालत नाही ते यामुळेच.

चौथे साधन जनुकक्रमाचे. १९७७ मध्ये वूझ आणि फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएची तुलना केली, तेव्हा मिथेन बनवणारे 'जिवाणू' मुळात जिवाणूच नाहीत असे दिसले. हे आर्किया, एक वेगळाच गट. गोबरगॅसमधला मिथेन त्यांचाच. टाकीत शेण एकदम जास्त घातले की आम्ल बनवणारे जिवाणू पुढे धावतात, सामू (पीएच) उतरतो, आर्किया मंदावतात आणि शेगडी फुरफुरते. २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेही मीठ सोसणाऱ्या आर्कियांमुळे.

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात, अमीबाच्या पोटात, जांभळा रंग धरणारा एक गोल जीव मिळाला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा, त्यामुळे जिवाणूच समजला गेला. पण त्याचे रायबोसोमचे जनुक काही केल्या सापडेना. २००३ मध्ये उलगडा झाला: तो विषाणू होता, मिमीव्हायरस, आणि नेहमीच्या ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीत अडकण्याइतका मोठा.