नाव न विचारता उत्तर देणारं ग्रंथालय

अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या ओनील ग्रंथालयात विद्यार्थी चिठ्ठीवर प्रश्न लिहून भिंतीवर चिकटवतात. नाव घालत नाहीत. प्रश्न अभ्यासाचा असो, प्रेमाचा असो की देवाधर्माचा, त्याचं उत्तर तिथंच लागतं. लिहितात ग्रंथालयातलेच लोक, पण बोलते ती 'भिंत'. उत्तराबरोबर बहुतेकदा एखादं पुस्तकही सुचवलेलं असतं.

निनावी प्रश्नांना उत्तरं देणं तसं जुनंच. लंडनमध्ये जॉन डंटनने १६९१ साली त्यासाठीच एक नियतकालिक काढलं होतं. १९८६मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने 'अंकल एझ्रा' या नावाने हीच सोय संगणकावर आणली. ग्रंथालयाने मात्र हे काम आपलं मानावं, यामागचा विचार सॅम्युअल स्वेट ग्रीनचा. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या या ग्रंथपालाने १८७६मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत एक निबंध वाचला. पुस्तकं राखणं पुरेसं नाही, वाचकाशी बोललं पाहिजे, हे त्याचं सांगणं. साध्या घरातली भिडस्त माणसं आणि चांगल्या वळणाची मुलं-मुली, त्यांना धीर दिल्याशिवाय ती मनातलं विचारत नाहीत, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. मला तो सगळ्या निबंधाचा गाभा वाटतो. पुढे १९३९च्या अमेरिकन ग्रंथपालांच्या आचारसंहितेत वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवण्याचं कर्तव्यही आलं.

आपल्याकडे ग्रंथालय लोकांच्या दारी नेलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. त्यांचा जन्म खानदेशाला लागून असलेल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचा. १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावलं आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि त्याचा वेळ वाचावा, ही त्यातली दोन. संदर्भसेवा, म्हणजे वाचकाला हवं ते शोधायला मदत करणं, त्यांच्यासाठी ग्रंथालयाचा जीव होती.

आता खानदेशाकडे येऊ. इथली महाविद्यालयं १९९०पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं आणि आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे त्याचं क्षेत्र ठरले. २०१८पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने चालतं. स्वतः बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या म्हणून राहिल्या.

इथल्या कुठल्याही कॉलेजच्या देवघेवीच्या खिडकीवर उभं राहून बघा. मागणीची चिठ्ठी भरायची असते: पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, खाली नाव आणि वर्ग. ज्याला पुस्तकाचं नाव ठाऊक आहे त्याचं काम होतं. ज्याच्याजवळ नुसता प्रश्न आहे त्याला त्या चिठ्ठीत जागाच नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेली, घरात पावरी किंवा भिली बोलणारी, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच मुलगी मागे रांग असताना तोंड उघडेल कशी? साक्री-शिरपूरच्या पोरांनाही अहिराणीत विचारलं तर हसतील, ही धास्ती असतेच.

म्हणून निनावी चिठ्ठी इथं बॉस्टनपेक्षा जास्त कामाची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. 'स्कॉलरशिपना फॉर्म रिजेक्ट व्हयना, आते काय करू?' असं कुणी लिहिलं, तर ते जसंच्या तसं स्वीकारावं. उत्तर सोप्या मराठीत द्यावं: फॉर्ममध्ये कोणती त्रुटी दाखवली आहे ते आधी बघ, दुरुस्तीची मुदत कुठे कळते, कॉलेजच्या कार्यालयात कोणाला भेटायचं. शुद्धलेखन सुधारत बसू नये. आजाराचा किंवा कायद्याचा प्रश्न आला तर ग्रंथपालाने स्वतः सल्ला देऊ नये. विश्वासार्ह पुस्तक आणि योग्य माणूस सांगावा.

जिवाला कंटाळल्याची चिठ्ठी निघाली, तर ती उद्यावर टाकता येत नाही. लिहिणारा कोण हे माहीत नसल्याने त्याला शोधून बोलावता येत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि कॉलेजातल्या समुपदेशकाची खोली, हे दोन्ही असलेलं उत्तर ग्रंथालय बंद व्हायच्या आत लागलंच पाहिजे.