शुष्क प्रदेशांतील नद्या व जलस्रोतांवरील संकटे

पडणाऱ्या पावसापेक्षा वाफ होऊन उडून जाऊ शकणारे पाणी जिथे कितीतरी अधिक असते, अशा प्रदेशांतील नद्या, झरे, सरोवरे व भूजल यांचा मानवी वापरामुळे होणारा ऱ्हास. इथल्या मोठ्या नद्या बहुधा दूरच्या डोंगरांतील पावसावर किंवा बर्फावर जगतात. वाटेत त्यांना मिळणारे पाणी थोडे, मुरणारे आणि उडणारे जास्त. म्हणून ओल्या प्रदेशातली नदी जेवढा उपसा सोसते, तेवढा इथली सोसत नाही.

जमिनीवरचे आणि जमिनीखालचे पाणी वेगवेगळे मोजणे ही यातली सर्वांत घातक चूक. पाऊस नसताना बारमाही नदीत वाहते ते बरेचसे भूजलच. खोल कूपनलिकांनी पाणीपातळी खाली गेली की आधी झरे आटतात, मग डोह. शेवटी प्रवाह उलटतो आणि नदीच जमिनीत झिरपू लागते. जॉर्डनमधील अझ्राक हे स्थलांतरी पक्ष्यांचे पाणथळ ठिकाण शहरांसाठी व शेतीसाठी झालेल्या उपशाने कोरडे पडले. तिथले झरे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले. वाळूउपशाचेही तसेच आहे. कोरड्या दिसणाऱ्या पात्रातली वाळू ही पाण्याची साठवणच असते: वरचा थर सुकला की खालच्या ओलीला ऊन फारसे लागत नाही. वाळू नेली की ही साठवणही जाते.

सिंचनाचे पाणी पिके पितात, क्षार मात्र मागे राहतात. निचरा नसेल तर पाणीपातळी वर येऊन जमीन खारवते, निचरा नदीत सोडला तर खालच्या गावांना खारट पाणी मिळते. प्रवाह क्षीण असल्याने सांडपाणीही विरळ होत नाही. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदीत सुमारे १,००० किमी. लांबीवर विषारी नील-हरित जीवाणू माजले होते.

या साऱ्याचे सर्वांत दुःखद उदाहरण मध्य आशियातील अरल समुद्र हे खारे सरोवर. १९६० च्या सुमारास ते जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते, क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौ. किमी. कापसासाठी त्याला मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी वळवले गेले आणि मासेमारीचे मुयनाक बंदर वाळवंटात उरले. उघड्या तळावरची क्षारमिश्रित, कीटकनाशकांनी दूषित धूळ आजही लोकांच्या श्वासात जाते. २००५ मध्ये कोक-अरल धरण झाल्यावर उत्तरेकडचा लहान भाग भरू लागला, मासेही परतले. दक्षिण भागाला हे भाग्य लाभले नाही.

हानी भरून काढायला किती पाणी लागते, हे अमेरिकेतून मेक्सिकोत जाणाऱ्या कोलोरॅडो नदीत दिसले. १९२२ च्या करारात या नदीच्या पाण्याची वाटणी झाली ती भरपूर पावसाच्या वर्षांतील आकड्यांवर; पुढे ती समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचू लागली. मार्च २०१४ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांनी संमतीने मोरेलोस बंधाऱ्यातून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी तिच्या त्रिभुज प्रदेशात सोडले. मे महिन्यात त्यातली एक बारीक धार समुद्राला मिळाली. बाकीचे बहुतेक पाणी वाटेतली तहानलेली वाळू पिऊन गेली होती.