सीमाभागातले जुने स्ट्रॅटेजी गेम आणि सीडीचे कुलूप : पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातली चाळिशीकडे झुकलेली मंडळी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ पुन्हा लावायला बसतात. जपून ठेवलेली ओरिजिनल सीडी आत जाते, इन्स्टॉलही होते. डबल क्लिक केले की मात्र काहीच घडत नाही. ड्राइव्ह थोडा वेळ घरघरतो आणि गप्प बसतो. त्याच गेमची क्रॅक टाकलेली, म्हणजे सीडीची तपासणी काढून टाकलेली चोरटी प्रत शेजारच्या लॅपटॉपवर खुशाल चालते. हा उलटा न्याय कुठून आला, ते समजण्यासाठी २००० च्या आसपास जावे लागते. ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) आणि ‘ड्यून २’ (१९९२) यांचा डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा) जमाना इथे सोडून देऊ.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ चा, त्याचे ‘कॉन्करर्स’ हे एक्सपान्शन, म्हणजे जोडभाग, २००० चे. आठ जण लॅनवर (एकाच जागेतल्या संगणकांच्या जाळ्यावर) एकत्र, चिन्हांवर क्लिक करून सगळा कारभार, तासाच्या हिशेबात एक डाव पूर्ण : नेट कॅफेला याहून सोयीचा गेम मिळणे कठीण. रोल-प्लेइंग गेमचे (आरपीजी, म्हणजे एक पात्र होऊन खेळायच्या गेमचे) गणित तिथे जुळत नव्हते. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) पाच सीड्यांवर यायचा, त्यात पानेच्या पाने इंग्रजी संवाद, आणि खेळ पुरा व्हायला कित्येक आठवडे. कॅफेतल्या मशीनवर तुमचा सेव्ह उद्या शिल्लक असेल याची हमी कोण देणार? त्यामुळे आरपीजी घरच्या पीसीवर राहिले, आणि तेही मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्यांपैकी थोड्यांच्याच वाट्याला आले.

सीड्या हातोहात फिरत, राइट केलेल्या. बऱ्याच ‘रिप’ असत, म्हणजे ७०० एमबीत बसवण्यासाठी व्हिडिओ आणि संगीत काढून टाकलेल्या. बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) चालवली की काळ्या खिडकीत उरलेल्या, दाबून ठेवलेल्या आवाजाच्या फाइली उलगडायच्या. आज अशी प्रत सापडली तर मोहिमेच्या मधले प्रसंग गायब असतात, ते याच कारणाने. सीडीची इमेज, म्हणजे फाइलीच्या रूपातली प्रत, करताना आणखी एक चूक सर्रास होते. पहिल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’चे (१९९७) संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे. आयएसओ इमेजमध्ये ते ट्रॅक येत नाहीत आणि गेम मुका होतो. त्याऐवजी बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी काढावी.

आता मूळ तंटा. त्या काळच्या पुष्कळ गेमवर ‘सेफडिस्क’ नावाचे संरक्षण होते. सीडीवर मुद्दाम बिघडवलेले सेक्टर (माहितीचे छोटे कप्पे) असत, साध्या रायटरला त्यांची हुबेहूब नक्कल जमत नसे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये खरा प्रोग्राम एका आयसीडी फाइलीत सांकेतिक रूपात बंद असतो. आपण चालवतो ती एक्सई फाइल फक्त सीडी तपासते आणि सीडी खरी निघाली तरच तो प्रोग्राम मेमरीत उलगडते. या तपासणीसाठी विंडोजमध्येच ‘सेकडीआरव्ही’ नावाचा ड्रायव्हर दिलेला असे, आणि तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालायचा. २००७ मध्ये त्यात भोक सापडले : साध्या युजरला पूर्ण मशीनचा ताबा मिळू शकत होता. त्याच डिसेंबरात ते बुजवले गेले. तरी जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले ते या ड्रायव्हरला वगळून, आणि सप्टेंबर २०१५ च्या केबी ३०८६२५५ या अपडेटने व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला.

सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. पण भुर्दंड कोणाला? ज्यांनी पैसे मोजून सीडी घेतली त्यांना. क्रॅकमध्ये तपासणीच काढून टाकलेली, त्यामुळे फुकट्यांचे काहीच बिघडले नाही. गेम विकणाऱ्यांनी तपासणी काढणारा छोटा पॅच दिला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. काहींनी दिला, पुष्कळांनी नाही. विंडोज ७ किंवा ८ असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सेकडीआरव्ही’ची सर्व्हिस ‘डिमांड’वर, म्हणजे सांगितल्यावरच सुरू होईल अशी, ठेवता येते. खेळण्यापुरती सुरू करावी, नंतर थांबवावी. विंडोज १० आणि ११ वर हा मार्ग नाही. कुठल्या तरी साइटवरून ड्रायव्हरची फाइल आणून बसवण्याच्या फंदात पडू नये.

बाकीच्या अडचणी त्यामानाने किरकोळ. गवत-पाणी जांभळे-गुलाबी दिसले तर तो २५६ रंगांच्या पॅलेटचा घोळ : एक्सप्लोरर मध्येच रंग बदलतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम चालवावा. लॅन चालत नसेल तर विंडोज फीचर्समधल्या लेगसी कंपोनंट्समध्ये ‘डायरेक्टप्ले’वर (जुन्या गेमना नेटवर्कवर जोडणाऱ्या घटकावर) टिक करावी आणि फायरवॉलमध्ये ४७६२४ व २३०० ते २४०० ही पोर्ट मोकळी ठेवावीत. फक्त आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालणारे त्याहून जुने गेम व्हिस्टापासून लॅनवर मुकेच आहेत.

सीडीचे कुलूप गेले, खात्याचे आले. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) डीव्हीडीवर मिळायचा, तरी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या खात्याला जोडणे सक्तीचे होते. २५६ केबीपीएसच्या लाइनवर एक जीबी उतरायला नऊ तास लागत, मध्ये लाइट गेली तर जास्तच. या गेममध्ये मराठे खेळता येतात, म्हैसूर मात्र संगणकाच्या हाती. सीमाभागात यावरून व्हायची तेवढी थट्टा होतेच.

नव्या आवृत्त्यांनीही सगळेच वाचवले असे नाही. ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ची २०१५ ची एचडी आवृत्ती एक्सपान्शनविनाच आली, कारण त्यांचा मूळ कोड हरवला होता. पूर्ण गेम हवा तर जीओजी या ऑनलाइन दुकानातली जुनी आवृत्ती घ्यावी. ‘कमांड अँड कॉन्कर : जनरल्स’ (२००३) नव्या विंडोजवर तांत्रिक अडचणीचा संदेश देऊन बंद पडतो, कारण त्याला डॉक्युमेंट्समधल्या स्वतःच्या फोल्डरात ‘ऑप्शन्स’ नावाची आयएनआय (सेटिंगची) फाइल सापडत नाही. ती नोटपॅडमध्ये हाताने बनवून त्यात रिझोल्यूशन लिहावे लागते. सेव्ह करताना नावाला टीएक्सटी चिकटत नाही ना, आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेले नाही ना, हे बघावे. याच गेमचा सोर्स कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये खुला झाला. चित्रे आणि आवाज मात्र त्यात नाहीत, ते स्वतःच्या प्रतीतूनच घ्यावे लागतात.